धूर आधी, आवाज नंतर

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, तुमच्या मोबाइलमध्ये माझे काम करणारे एक चित्र असते, त्यामुळे माझ्यासारखे खरे घड्याळ तुम्ही हातात घेतले नसेल. मी गोल आहे, मुठीत मावतो. पाठ निकेलची, चेहरा पांढरा, काटा काळा आणि बारीक. डोक्यावर एक बटण. तेच फिरवले की किल्ली बसते. तेच एकदा दाबले की मी धावू लागतो, दुसऱ्यांदा दाबले की थांबतो, तिसऱ्यांदा दाबले की काटा शून्यावर जातो. किती वाजले हे मला कधीच ठाऊक नसते. किती लागले, एवढेच मला कळते.

माझा जन्म दूरच्या थंड देशातला. तिथले मला काही आठवत नाही. माझी स्प्रिंग बसवणाऱ्या बोटांना तेलाचा वास होता, एवढेच आठवते. नंतर पेटी, आगबोट, रेल्वे, नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानाची काच, आणि मग उमरेडच्या एका शाळेत कसरतीचे शिक्षक असलेल्या गिरिधर मास्तरांचा खिसा. माझे पहिले मालक तेच.

मास्तरांच्या हाताखाली ईश्वरदास नावाचा एक विद्यार्थी होता. कोष्ट्याच्या घरातला. घरी माग होता, त्यामुळे बोटे फार चपळ. तो पळायचा बरा, पण वेळ घ्यायचा त्याहून चांगली. तो कॉलेजात गेला तेव्हा मास्तरांनी मला त्याच्या तळहातावर ठेवले आणि सांगितले, "हे पाह्य ईश्वर, बंदूक वाजली म्हणून दाबू नको. बंदुकीतून धूर निघाला का दाब. धूर डोळ्याले लगेच दिसते. आवाज मांगून येते."

"किती मांगून, मास्तर?"

"शंभर मीटरवरून यायचं असन तर तीन दशांश. तेवढ्यात पोरगं पहिल्याचं तिसरं होते."

मित्रांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण माझ्या सगळ्या दुःखाचे मूळ या तीन दशांशात आहे. पळणारे शंभर मीटर दूर असतात आणि वेळ घेणारा शेवटच्या रेषेवर उभा असतो. शर्यत सोडणाऱ्या बंदुकीचा आवाज त्याच्यापर्यंत चालत यायला सेकंदाच्या दहा भागांपैकी तीन भाग खातो. जो आवाज ऐकून दाबतो त्याचे घड्याळ उशिरा सुरू होते, आणि पळणारा खरा होता त्याहून वेगवान दिसतो.

ईश्वरदास पुढे नागपूरच्या एका वर्तमानपत्रात क्रीडा वार्ताहर झाले. त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात मी आणि एक छोटी वही, असे आम्ही शेजारी राहू लागलो. मला अंक जन्मापासून येत होते, अक्षरे येत नव्हती. ती मी वहीला टेकून टेकून, फार उशिरा शिकलो. त्यामुळे माझे बोलणे साधे आहे, ते सांभाळून घ्या.

ती वर्षे चांगली होती. शाळांच्या स्पर्धा, पोलिसांच्या स्पर्धा, कधी भंडारा, कधी वर्धा, कधी गोंदिया. एप्रिलच्या उन्हात मैदान तव्यासारखे तापायचे आणि ईश्वरदास डोक्याला ओला दुपट्टा बांधून शेवटच्या रेषेवर उभे राहायचे. पंचांची तीन घड्याळे तीन आकडे दाखवायची, तेव्हा पंच हळूच विचारायचे, "ईश्वरभाऊ, तुमचं किती?" त्या वेळी माझी छाती फुगायची.

पण पंचांखेरीज ईश्वरदास कुणाला आकडा सांगायचे नाहीत. त्यांना एकदा फटका बसला होता. एका मोठ्या शर्यतीची वेळ त्यांनी चहा पिता पिता सांगितली आणि दुसऱ्याच वर्तमानपत्राच्या वार्ताहराने ती आपल्या नावाने छापली. तेव्हापासून दुसऱ्या कुणीही विचारले, तरी ते मला खिशात टाकत आणि हसून म्हणत, "उद्याच्या पेपरात वाच."

लोक खरेच वाचत. पानठेल्यावर सकाळी एकच पेपर आणि पाच डोकी. पोरे आपले नाव कापून वहीत चिकटवत. "ईश्वरदासच्या घड्याळातली वेळ" असे म्हणत. ते तसे म्हणत, हे ईश्वरदासांना आवडे, आणि मलाही.

मग क्रीडेचे पान अर्धे झाले. मग पाव झाले. मग जिल्ह्याच्या खेळांना एक रकाना उरला, आणि शेवटी जागा राहिली तर दोन ओळी. ईश्वरदास निवृत्त झाले, पण कुणी सांगितले नसतानाही मैदानावर जात राहिले आणि बातमी पाठवत राहिले. "सवय आहे," असे ते बायकोला, सुमतीबाईंना, सांगत. हुडकेश्वरच्या त्यांच्या घरातून मैदान तासाभराच्या अंतरावर होते. दोन बस बदलून जायचे.

त्याच मैदानावर प्रज्वल येऊ लागला. पंचविशीतला, काटक, सतत घाईत. काठीवर लावलेला मोबाइल आणि गळ्यात छोटा माइक. त्याचे एक चॅनल होते आणि त्यावर तो विदर्भातल्या खेळाडू पोरापोरींचे व्हिडिओ टाकायचा. मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. तो मेहनत करायचा. ज्या खेड्यात कुठलाही वार्ताहर कधी गेला नाही, तिथे तो मोटरसायकलने जायचा. बांधावर सराव करणाऱ्या मुलींना तो विचारायचा, "काय खाऊन पळतेस?" आणि त्या लाजत सांगायच्या, "भाकर." हे त्याने दाखवले म्हणून एकीला बूट मिळाले होते. आमच्या दोन ओळींनी कुणाला बूट मिळाले नव्हते.

पण ईश्वरदासांना तो सहन व्हायचा नाही. "हा वार्ताहर नाही, हा बाजा आहे," असे ते सुमतीबाईंना म्हणत. आणि प्रज्वल मित्रांना सांगायचा, "काका चांगले आहेत बे, फक्त मागच्या शतकात राहून राहिले."

आता हर्षाबद्दल सांगतो. हर्षा पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. सतरा वर्षांची, लांब पायांची. तिची आई भारती धानाच्या रोवणीला, म्हणजे भात लावायला, जायची. दोन वर्षांपूर्वी ईश्वरदासांनीच तिला पहिल्यांदा पाहिले. तिने धावताना डोके हलवू नये, हे त्यांनीच तिला शिकवले. ती त्यांना बाबा म्हणायची. दूरच्या शहरात धावपटू मुलींसाठी एक वसतिगृह होते. तिथे राहणे, खाणे, शिकणे, सराव, सगळे. तिथल्या चाचणीला जायचे तर शंभर मीटर साडेबारा सेकंदांत पळावे लागे, आणि एका मुलीला जन्मात एकदाच बोलावत. तिथे कमी पडली, की दार बंद. म्हणून ईश्वरदासांनी ठरवले होते की हर्षाने यंदा नाही, पुढच्या वर्षी अर्ज करायचा. "एक उन्हाळा अजून पळ," ते तिला म्हणत. "दार एकच वेळा उघडते, बेटा. घाईने नको ढकलू."

जिल्हा स्पर्धेचा दिवस आला. शेवटच्या रेषेजवळ मांडवाच्या सावलीत एक टेबल असायचे. ते वर्षानुवर्षे वार्ताहरांचे. त्या दिवशी तिथे चॅनलवाल्या पोरांचे कॅमेरे होते आणि एका स्वयंसेवकाने ईश्वरदासांना सांगितले, "आजोबा, तुम्ही जरा तिकडे उभे राहा ना जी." ईश्वरदास उन्हात उभे राहिले. त्यांच्या खिशातून मला त्यांचे हृदय ऐकू येत होते. ते रागाने धडधडत होते.

मुलींची शंभर मीटर. ईश्वरदासांनी मला मुठीत घेतले. दूर बंदुकीच्या टोकाशी पांढरा ठिपका उमलला आणि त्यांच्या अंगठ्याने मला दाबले. मग आवाज आला. मग हर्षा आली. ती पहिली आली, चार पावलांनी. अंगठा पुन्हा दाबला गेला.

बारा पूर्णांक आठ.

तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. साडेबाराला अजून तीन दशांश कमी. त्या मैदानावर फक्त क्रमांक पुकारायची पद्धत होती, वेळेचे कागद थेट फायलीत जात, पंच ते कुणाला दाखवत नसत. म्हणजे तिथे वेळ ठाऊक असलेले, आणि ती सांगू शकणारे, आम्ही दोघेच होतो.

प्रज्वल धावत आला. कपाळाला घाम, चेहऱ्यावर आनंद. "काका, काका! हर्षाचं किती झालं? सांगा ना जी, आत्ताच टाकतो."

ईश्वरदासांनी सावलीतल्या टेबलाकडे पाहिले. मग मला खिशात टाकले.

"उद्याच्या पेपरात वाच."

"काका, असं काहून करता?"

"आमची अशीच रीत आहे."

पलीकडून हर्षा दिसली. तिच्याभोवती मोबाइल घेतलेल्या मुलींचा घोळका होता आणि गावची जीप हॉर्न देत होती. तिने दुरूनच ईश्वरदासांकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे किती? ईश्वरदासांनी हवेत बोट फिरवून लिहिल्याची खूण केली. वाच. ती हसली आणि जीपमध्ये चढली. तिच्या गावात पेपर येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

प्रज्वलने मग आपल्या व्हिडिओवरून वेळ काढली. तो शेवटच्या रेषेवरच उभा होता. मोबाइलमध्ये बंदुकीचा आवाज टिपला गेला होता. त्या आवाजापासून हर्षाची छाती रेषेला लागेपर्यंत त्याने एक एक चित्र पुढे सरकवत मोजले. तीन वेळा मोजले. त्याने काही खोटे केले नाही. त्याला फक्त गिरिधर मास्तर भेटले नव्हते. त्याचे उत्तर आले, बारा पूर्णांक पाच.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ईश्वरदासांची बातमी आली नाही. जाहिराती जास्त होत्या. तिसऱ्या दिवशी आली, दोन ओळी, त्यात बारा पूर्णांक आठ. तोवर प्रज्वलचा व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला होता. "बांधावरून थेट साडेबारा सेकंद!" असे त्यावर लिहिले होते. गावात फलक लागला. वसतिगृहाच्या अर्जाची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती, आणि अर्जासोबत व्हिडिओ चालत होता.

दोन ओळी वाचून लोकांनी ईश्वरदासांना काय काय म्हटले, ते त्यांच्या नातीने मोबाइलवर वाचून दाखवले आणि मग वाचायचे थांबवले. बुढा जळून राहिला. पोरीची वेळ चोरली. घड्याळ भंगारात द्या. प्रज्वल मैदानाजवळच्या पोह्याच्या ठेल्यावर भेटला तेव्हा त्याने मोबाइल सुरूच ठेवला होता.

"काका, आमच्या पोरीचे तीन दशांश तुम्ही कुठं ठेवले जी?"

"तू आवाजावरून मोजलं. धुरावरून मोजायचं असते."

"धूर?" ठेल्यावरची पोरे हसू लागली. "काका, धूर तं तुमच्या कानातून निघून राहिला!"

ईश्वरदास हातातली पोह्यांची प्लेट तशीच ठेवून निघून आले. समजावून सांगायला दोन मिनिटे लागली असती. पण आयुष्यभर ज्याचा शब्द छापला गेला, त्याला मोबाइलसमोर हात जोडून समजावणे जमेना.

हर्षाचा फोन आला. ईश्वरदास ओसरीत बसले होते.

"बाबा, कोणतं खरं? तुमचं का त्याचं?"

"बारा आठ खरं, बेटा. औंदा नको जाऊ."

मग तिच्या आईने फोन घेतला. "बाबूजी, नाही कसं म्हणावं आता? अर्ज तं गेला. सरपंचानं पोरीले शाल घातली. अन् तुमाले खरं माहीत होतं, तं मैदानातच काहून नाही सांगतलं तिले? तिनं तुमाले इचारलं होतं ना?"

ईश्वरदास फोन ठेवून मला किल्ली देत बसले.

हर्षा गेली. तिथे बंदूक आणि अंगठा नव्हता, प्रकाशाचे यंत्र होते. धूर काय, आवाज काय, त्याला फरक पडत नाही. अनोळखी मैदान, शहरातल्या मुली, आणि आपली वेळ साडेबारा आहे असे सांगणारे दोन लाख लोक पाठीवर. तिला तेरा पूर्णांक एक लागले. संध्याकाळच्या गाडीने ती परत निघाली. गावातला फलक तसाच होता. ज्यांनी व्हिडिओखाली हृदये टाकली होती, त्यांनीच आता लिहिले, नकली पोरगी. तिने मोबाइलमधून सगळे पुसून टाकले. बारावी झाली तशी ती बुटीबोरीच्या कापड कारखान्यात लागली. पाळीच्या बसने जायचे, पाळीच्या बसने यायचे.

मित्रांनो, उन्हाळा संपता संपता प्रज्वल हुडकेश्वरला आला. काठी नाही, माइक नाही. दारात उभा राहून म्हणाला, "काका, ते धुराचं काय होतं ते एकदा सांगता का जी?"

ईश्वरदासांनी त्याला बसवले नाही, हाकललेही नाही. त्यांनी सुमतीबाईंना हाक मारली. घरामागे लेआउटमधल्या न बांधलेल्या प्लॉटांची मोकळी जागा होती. ईश्वरदासांनी पावले मोजली आणि सुमतीबाईंना शंभर मीटरवर जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, ताट आणि कलथा देऊन उभे केले.

"या वयात मले ताटं बडवायले लावून राहिले," त्या तिकडून ओरडल्या. "लोक काय म्हणन?"

"म्हणू दे. बडव वं!"

सुमतीबाईंनी हात उचलून कलथा ताटावर मारला. कलथा ताटाला लागलेला प्रज्वलला दिसला. आणि मग, कलथा परत वर निघाल्यावर, आवाज आला. "अजून एकदा, काकू," तो म्हणाला. पुन्हा तसेच. पाचव्या खेपेला तो तिथेच गवतात बसला.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"काका, त्या दिवशी मी तुमाले इचारलं होतं. धावत आलो होतो मी."

"हो."

"तुमी बारा आठ म्हटलं असतं, तं मी बारा आठच टाकलं असतं."

ईश्वरदास त्याच्या शेजारी, गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू बसले. त्यांचा आवाज मी इतकी वर्षे खिशातून ऐकला, पण तसा कधी ऐकला नव्हता. "मी उद्या वाच म्हटलं रे," ते म्हणाले. "माझ्यापाशी उद्या होता. त्या पोरीपाशी कुठं होता?"

दूर सुमतीबाई ताट धरून उभ्या होत्या. "अजून बडवू का झालं?" त्यांनी विचारले.

जाताना ईश्वरदासांनी मला खिशातून काढून प्रज्वलच्या हातावर ठेवले आणि त्याची बोटे मिटली. "रोज किल्ली दे," म्हणाले. "अन् कोणी इचारलं तं लगेच सांग." त्या दिवसापासून ते मैदानावर गेले नाहीत.

प्रज्वलने चूक कबूल करणारा व्हिडिओ केला. त्यात त्याने ताटही वाजवले, धुराचेही सांगितले, हात जोडून माफी मागितली. तो अकराशे लोकांनी पाहिला. बाकीच्या एक लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे लोकांसाठी हर्षा अजूनही नकलीच आहे. मी अंकांचा प्राणी आहे, म्हणून ही वजाबाकी मला सोडत नाही.

मला त्याने आपल्या खोलीतल्या फळीवर ठेवले. सुरुवातीला रोज किल्ली दिली. मग कामे वाढली. आता मी त्याच्या प्रत्येक व्हिडिओत दिसतो, त्याच्या डाव्या खांद्यामागे, पुसलेला, चकचकीत आणि बंद. कुणी लिहिते, भाऊ, मागे ते जुनं काय आहे, भारी दिसते. मी भारी दिसतो. मित्रांनो, पळणाऱ्यांसाठी घडवलेल्या वस्तूला शोभेचे होऊन बसणे फार जड जाते. आतले तेल घट्ट होते. स्प्रिंग कशासाठी आहे, हे स्प्रिंगच विसरू लागते.

परवाची गोष्ट. प्रज्वल व्हिडिओखालचे शेरे वाचत होता. तो मोठ्याने वाचतो, ती त्याची सवय आहे. मस्त भाऊ. जय विदर्भ. पुढचा व्हिडिओ कधी. आणि मग तो थांबला. नाव वाचले नाही त्याने, पण त्याचा चेहरा पाहून मी ओळखले. मग त्याने सावकाश वाचले.

"मागचं घड्याळ बंद दिसते. बाबांचं आहे ना? किल्ली देत जा त्याले."

तो उठला. मला हातात घेतले. बटण फिरवू लागला. आधी अडलो, मग फिरलो. त्याने मला दाबले आणि मी धावू लागलो.

एका हातात मला धरून दुसऱ्या हाताने त्याने तिला लिहिले, आत्ता दिली. मग थोडे थांबून लिहिले, तू अजून पळतेस का?

मित्रांनो, माझ्यासारखे काही तुमच्या घरी असेल तर त्याला फळीवर सजवून ठेवू नका, त्याच्याकडून काम घ्या. आणि धापा टाकत तुमच्यासमोर येऊन कुणी "माझं किती झालं?" असे विचारले, तर खरे असेल तेच सांगा, आणि तिथेच सांगा. रुसवा असेल, मान राखायचा असेल, तर तो नंतर. विचारणारा गावच्या जीपमध्ये चढायच्या आत सांगा.

प्रज्वलने मला अजून थांबवलेले नाही. मोबाइल समोर ठेवून तो बसला आहे. माझा काटा फेऱ्यांवर फेऱ्या मारतो आहे. बुटीबोरीची पाळी सुटायला वेळ आहे.